अर्जासोबत जोडलेला गणपती

लाभ क्रमांक पाच : सामूहिक आरोग्यविमा (पती किंवा पत्नीसह)

पत्रक मधूनच उघडलं, म्हणून गोष्टही मधूनच सुरू होते. पत्रक 'महाराष्ट्र आरेखन-कलावंत संघा'चं होतं. गुळगुळीत कागद, चार रंगांत छपाई, आणि घडी इतकी चुकीची घातलेली की लाभ क्रमांक पाच सगळ्यात वर आला होता. घडी बरोबर असती तर मी पहिल्याच लाभापाशी थांबलो असतो. पहिला लाभ होता 'संघाच्या दिनदर्शिकेची एक प्रत', आणि दिनदर्शिका आमच्या घरी किराणावाल्यापासून पतसंस्थेपर्यंत सगळे फुकट आणून देतात.

आधीच सांगून ठेवतो. मी लग्नपत्रिका करतो. म्हणजे अक्षरं, वेलबुट्टी आणि वरचा गणपती हातानं काढतो, छापतात दुसरे. माझ्या सगळ्या मजकुराचं मुद्रितशोधन माझी पत्नी उल्का करते. या मजकुराचंही तिनंच केलं आहे. तिला समासात लिहायची सवय आहे आणि समासातलं गाळायला तिची परवानगी नाही. तेव्हा ते कंसात तसंच राहील.

(समासात उल्का : वेलबुट्टीचा तुम्ही हल्ली कंटाळा करता. खरं लिहावं.)

तर पुण्यात ज्याचा मुलगा संगणकाच्या क्लासला नाही त्याच्याकडे लोक कीव आल्यासारखं बघायला लागले होते, त्या सुमाराला उल्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला. हे आम्हाला डॉक्टरांच्या आधी कोथरूडच्या एका वधुपित्याकडून कळलं. त्यांच्या पत्रिकेत गोरज मुहूर्ताच्या जागी सकाळची वेळ पडली होती. चूक मी केली होती आणि उल्काला ती दिसली नव्हती. वराकडची अर्धी मंडळी सकाळीच कार्यालयात हजर झाली. तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न चाललं होतं. या मंडळींनी त्या जोडप्यावर अक्षता टाकल्या, आहेर दिला, मठ्ठ्यासकट जेवण केलं आणि घरी जाऊन झोपली. संध्याकाळी खऱ्या लग्नाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. वधुपित्यानं फोनवर आवाज चढवला नाही. धाकटीच्या वेळी आम्ही तोंडीच आमंत्रणं करणार आहोत, एवढंच ते म्हणाले.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आमच्यासारख्या घरी बसून काम करणाऱ्याला विमा नसतो. नोकरी नसल्याची शिक्षा म्हणून तो नसावा असा सरकारचा विचार असेल. वरच्या मजल्यावरच्या दुर्गाबाईंनी डोळ्यांत मध घालायला सांगितला. त्यांच्या वहिनींनी घातला होता. गुण आला का, असं विचारल्यावर वहिनी वारून बरीच वर्षं झाल्याचं कळलं. पण त्या डोळ्यांनी गेल्या नाहीत, असा खुलासा दुर्गाबाईंनी केला.

अशा परिस्थितीत लाभ क्रमांक पाच मी दोनदा वाचला. आधीपासूनचे आजारही धरले जातील, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. माझ्या आयुष्यात एखादं पत्रक इतकं माझ्यासाठी कधी छापलं गेलं नव्हतं.

लाभ क्रमांक दोन : व्यावसायिक ओळख

पत्रक योगेशनं आणून दिलं. योगेश परभणीकडचा. राहायला कात्रजला, पण त्याचं 'डीटीपी, झेरॉक्स आणि कुरिअर' शनिवार पेठेत, आमच्या बरोबर खालच्या गाळ्यात. मी एक पत्रिका पुरी करतो तेवढ्यात त्याच्याकडे चार लग्नं आणि एक बारसं आटोपतं. त्याच्याबद्दल मनात अढी धरायचा मी बराच प्रयत्न केला. पण तो रोज जिना चढून 'काका, चहा झाला का' असं विचारायला येतो, आणि झालेला असला तरी घेतो. अशा माणसाशी वैर टिकवणं अवघड जातं.

"तुम्ही अजून मेंबर नाहीत का काका?" तो म्हणाला. "करून टाकू की. काय लागतंय त्याला."

काय लागतं ते अर्जाच्या मागच्या बाजूला होतं. पाच स्वनिर्मित कलाकृती. त्या आपल्याच असल्याचा पुरावा. एक सूचक, एक अनुमोदक, दोघेही संघाचे सभासद. पेठेत संघाचा सभासद म्हणजे योगेशच. त्यामुळे ज्या मुलाला मी 'ळ'ची गाठ कशी वळवायची ते शिकवलं होतं, त्यानं 'यांचे काम मी पाहिले असून ते समाधानकारक आहे' असं लिहून खाली सही केली. अनुमोदक त्याचा कात्रजचा रूममेट संतोष, तोही सभासद. त्यानं मला न बघताच समाधानकारक ठरवलं. 'अवगत सॉफ्टवेअर' या रकान्यात मी 'बोरू, टाक आणि ब्रश' असं लिहिलं होतं. योगेशनं ते खोडून 'ऑल' केलं.

अडलं ते पुराव्यापाशी. आमच्या धंद्यात काम करणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. पत्रिकेच्या तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या घरातल्या झाडून सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं येतात. ज्याला अजून बोलताही येत नाही तो पिंट्यासुद्धा तिथे आग्रहाचं निमंत्रण करतो. त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव. ज्यानं हे सगळं काढलं तो अक्षता टाकायलाही नसतो.

मग गिऱ्हाइकांकडून दाखले आणायला निघालो. मंडईजवळच्या सुकामेवावाल्यानं, ज्याच्या पिशवीवरचं काजूचं चित्र माझं आहे, बिलाच्या पाठीवर लिहून दिलं : 'सदर गृहस्थ आमच्याकडे बरीच वर्षे येतात. खरेदी बेताची असते.' मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी लिहिलं की पाटी यांनीच रंगवल्याचं आठवतं, रंग दोन पावसांत गेला. शाळेच्या मुख्याध्यापिका प्रेमला बाई अतिशय सज्जन. त्यांनी स्नेहसंमेलनाच्या प्रमाणपत्रांची नक्षी माझी असल्याचं मान्य केलं आणि सवयीनं पुढे 'वर्तणूक चांगली' असंही लिहिलं. चौथ्या कामाचा, औषधाच्या दुकानाच्या बोधचिन्हाचा, दाखला मिळाला, पण तो इतक्या डॉक्टरी अक्षरात होता की तो कौतुक करतो की तक्रार, हे समितीला शेवटपर्यंत कळलं नाही. ते माझ्या पथ्यावर पडलं.

पाचवी कलाकृती गणपती.

या गणपतीबद्दल मला गंभीरपणे बोलू द्या. आमच्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी मी तो काढला. एकाच रेषेत. सोंडेपासून निघायचं आणि डाव्या कानापाशी थांबायचं. डाव्या कानात रेषा तुटलेली आहे, कारण तिथे टाकातली शाई संपली. जोडायला गेलो असतो तर गाठ दिसली असती, म्हणून तशीच सोडली. छापखान्याच्या मालकांना ती आवडली. त्यांनी छपाईसाठी त्याचा ब्लॉक करून ठेवला आणि पुढे 'तो उघड्या कानाचा गणपती द्या' असं लोकच मागायला लागले. अर्ध्या पुण्याची लग्नं त्या कानाखाली लागली आहेत.

(समासात उल्का : शाई संपली नव्हती. तुम्ही खिडकीतून खाली बघत होतात. खालून मी आणि आई चाललो होतो.)

लाभ क्रमांक नऊ : समविचारी कलावंतांचा सहवास

संघाचं कार्यालय टिळक रस्त्यावर, एका दाताच्या दवाखान्याच्या शेजारी. भिंतीपलीकडच्या कण्हण्यावरून छाननी चालू असल्याचं बाहेरच्या उमेदवाराला कळतं, असं पहिल्यांदा मला वाटलं.

छाननी समितीत तिघं. मध्ये अध्यक्ष अपूर्वा, एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइन हेड, वयानं माझ्या भाचीएवढी. तिच्या दोन बाजूंना मान हलवणारे दोन गृहस्थ. कोपऱ्यात टिपणं घेणारे संघाचे चिटणीस आठल्ये. आठल्यांनी आयुष्यात एकही चित्र काढलेलं नव्हतं; त्यामुळे संघातल्या सगळ्या गटांना ते चालत.

अपूर्वानं मला 'सर' म्हटलं, तेव्हाच मी सावध झालो. पुण्यात कुणी विनाकारण सर म्हणत नाही.

मी कशावर काम करतो, असं तिनं विचारलं. मी पाटावर म्हणालो. उजवीकडच्या गृहस्थांनी 'पाट' लिहून घेतलं आणि त्याची कोणती आवृत्ती ते विचारावं की नाही, या विचारात ते पडलेले दिसले. काजू झाला, प्रमाणपत्र झालं. गणपती आला तसं अपूर्वानं आपल्या संगणकात एक सीडी घातली. 'मंगलकार्य : दोन हजार रेडीमेड चित्रे.' तिनं एक कळ दाबली आणि पडद्यावर माझा गणपती उगवला. सोंड तीच, पोट तेच, तुटका कान तोच.

"सर, हा तुमचा नाही. हा या सीडीवरचा आहे."

"सीडीवरचा माझा आहे."

"सीडीवर कुणाचं नाव नाहीये."

"पत्रिकेवरही नसतं."

"एक्झॅक्टली," ती म्हणाली. आपण तिला मदत केली हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मी आमच्या लग्नाची पत्रिका काढून पुढे ठेवली. पिवळी पडलेली, पण गणपती ठणठणीत. सीडीचा शोध लागायच्या आधीची तारीख त्यावर छापलेली. पत्रिका तिघांच्या हातांतून फिरत आठल्यांकडे गेली. त्यांनी ती तळाच्या पिंट्यापर्यंत नीट वाचली. छापखान्याचं नाव पाहिलं. छापखाना चालू आहे का, असं विचारलं. मालक गेले, मुलानं जागा संगणकाच्या क्लासला दिली, असं मी सांगितलं.

"मग यावरून एवढंच सिद्ध होतं," आठल्ये म्हणाले, "की या गणपतीच्या कृपेनं आपलं लग्न झालं. त्याबद्दल समितीला शंका नाही."

मी कानाची खाच दाखवली. ती खाच म्हणजे माझी खूण आहे, असं म्हणालो. अपूर्वानं सीडीवरचा कान मोठा करून दाखवला. तिथेही खाच होती. मी म्हटलं, असणारच. ती म्हणाली, मग? माझा प्रत्येक पुरावा असा शिस्तीत चालत टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसत होता. आपल्याच चित्राची चोरी केल्याचा संशय येणं हा प्रकार कलेच्या इतिहासात नवा नसेल. पण इतिहासात त्या लोकांच्या बायकांचे डोळे त्यावर अवलंबून होते की नाही, ते मला माहीत नाही.

अपूर्वा वाईट मुलगी नव्हती. समितीसमोर काढून दाखवा, जुळला तर प्रश्नच मिटला, असं तीच म्हणाली.

(लाभ क्रमांक चार वगळला आहे. तो कागदावरच्या सवलतीचा आहे आणि ती सवलत फक्त मुंबईत मिळते.)

लाभ क्रमांक तीन : स्वनिर्मित कलाकृतीचे संरक्षण

इथे मी एक चूक केली. मी सराव केला.

कल्पना योगेशची. त्यानं सीडीवरच्या गणपतीचा पत्रिकेच्याच मापाचा प्रिंट काढून दिला आणि याच्यावरून गिरवा म्हणाला, म्हणजे मिलिमीटर टू मिलिमीटर बसेल. आजवर मी तो गणपती कधी पाहून काढला नव्हता. आता पाहून काढायला लागलो, आणि सोंडेचा उतार किती, पोटाचा घेर किती, असे प्रश्न पडायला लागले. चालताना आधी कोणता पाय टाकतो असं कुणी विचारलं की जिन्यात जे होतं, ते माझ्या हाताचं झालं. दुर्गाबाईंनी संकष्टी धरायला सांगितली. मी ती धरली. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी हाताला अशक्तपणाही होता.

(समासात उल्का : साबुदाण्याची खिचडी दोनदा खाल्लीत.)

समितीसमोर मला जेलचं पेन आणि गुळगुळीत कागद मिळाला. डावीकडचे गृहस्थ उभे राहून बघायला लागले. शेजारच्या दवाखान्यात यंत्र सुरू झालं. मी सोंडेपासून निघालो आणि कानापाशी येऊन मुद्दाम थांबलो. तो मुद्दामपणा कागदावर दिसत होता. झालं ते चित्र वाईट नव्हतं. त्यात हत्ती आला होता, गणपती आला नव्हता. अपूर्वानं त्याच्यावर प्रिंट ठेवून पाहिला आणि हळूच बाजूला केला. 'सॉरी सर' म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

निर्णय पोस्टानं आला. उमेदवारास पूर्ण सभासदत्व देता येत नाही. परंतु त्यांचे वय, इतर कामे व प्रेमला बाईंचा दाखला पाहता 'सहयोगी सभासद' म्हणून घेण्यास हरकत नाही. विम्यासह सर्व लाभ मिळतील. मात्र अर्जासोबत जोडलेला गणपती आपला नसल्याचे उमेदवाराने कार्यालयात येऊन स्वहस्ते लिहून द्यावे.

(इथे एक परिच्छेद होता. त्यात मी संघाबद्दल माझं मत मांडलं होतं. उल्कानं तो काढायला लावला. भाषेची चूक नव्हती, म्हणाली, पण वाचणाऱ्यांमध्ये लहान मुलंही असतात.)

योगेश म्हणाला, लिहून द्या काका, कोण वाचतंय. दुर्गाबाई म्हणाल्या, देव आहे तो, माणसानं माझा-माझा काय करायचं. दोघांचंही बरोबर होतं आणि त्यामुळेच दोघांचाही राग येत होता. उल्का मेथी निवडत होती, एकेक पान डोळ्यांशी नेऊन.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"नका देऊ लिहून."

"आणि डोळ्याचं?"

"एवढं दिसतंय की," ती म्हणाली आणि एक काडी भाजीत टाकून एक पान केरात टाकलं.

मी म्हटलं, विम्याच्या अर्जावर तुझीही सही लागते, उद्या बरोबर चल.

पत्रकाची मागची बाजू (कोरी)

कार्यालयात आठल्ये एकटेच होते. त्यांनी उल्काला खुर्ची दिली, मला कोरा कागद दिला, आणि 'मिळाले'चा शिक्का शोधायला पाठ फिरवून ते कपाटात शिरले. मी माझा टाक आणि शाईची दौत घेऊन गेलो होतो. जेलच्या पेनानं मला एकदा फसवलं होतं.

शिक्का सापडेना. कपाटातूनच ते म्हणाले, लिहा, मी सांगतो. मी मान खाली घातली आणि लिहायला लागलो. मी, श्यामसुंदर खरवंडीकर, राहणार शनिवार पेठ, पुणे, या पत्राद्वारे लिहून देतो की, अर्जासोबत जोडलेला गणपती माझा नाही. तो माझा असल्याचा दावा मी यापुढे करणार नाही. सही. तारीख सुवाच्य अक्षरात. अक्षर चांगलं आलं होतं. अशा वेळी ते येतं.

आठल्ये शिक्का घेऊन आले आणि कागद पाहून थबकले.

"छापील कागद चालणार नाही," ते म्हणाले. "मी कोरा दिला होता."

मी पाहिलं. कागदाच्या वर, मधोमध, गणपती होता.

यात माझा काही हेतू नव्हता, हे मला इथे नोंदवायचं आहे. कोरा कागद समोर आला की आमच्याकडे आधी वर श्री काढतात, वाण्याची यादी असली तरी. मी श्रीच्या जागी गणपती काढतो. तो मी काढतो हेसुद्धा मला आठवत नाही. हात काढतो आणि मग मी लिहायला लागतो. 'अर्जासोबत जोडलेला गणपती माझा नाही' हे लिहायच्या आधीही हातानं त्याचं काम उरकून घेतलं होतं. सोंडेपासून निघून कानापर्यंत. डावा कान उघडा.

मी म्हटलं, छापील नाही. आठल्यांनी विश्वास न बसून कागद जवळ ओढला.

"हात लावू नका," उल्का म्हणाली. तिला टेबलापलीकडचं काहीही दिसत नव्हतं. "वाळायचा असेल अजून."

पण त्यांचा अंगठा सोंडेवर पडला होता. त्यांनी तो उचलून पाहिला. काळा झाला होता.

आठल्ये खुर्चीत बसले. त्यांनी आमची फाइल उघडून सीडीचा प्रिंट काढला आणि गणपती वाळायची वाट पाहिली. मग प्रिंट त्यावर ठेवून दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावले. ते बँकेतून निवृत्त झालेले. चेकवरची सही नमुन्याशी ताडून बघण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी पोट पाहिलं, सोंड पाहिली. कानापाशी ते बराच वेळ थांबले. शेजारच्या दवाखान्यात कुणीतरी चूळ भरली.

"समितीचा निर्णय झालेला आहे," ते काचेकडे बघतच म्हणाले.

"हो."

"तो मला फिरवता येत नाही. आणि विम्याची यादी आज जाते."

"कल्पना आहे."

ते परत येऊन बसले. त्यांनी शिक्का शाईत बुडवला आणि कागदावर नेला, पण लगेच मारला नाही. जागा शोधत राहिले. शेवटी अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, गणपतीपासून जितक्या लांब मारता येईल तितक्या लांब त्यांनी तो मारला. सहयोगी सभासद म्हणून माझं नाव वहीत चढवलं. विम्याच्या अर्जावर उल्काला सही कुठे करायची ते बोट धरून दाखवलं. अंगठा मात्र त्यांनी पुसला नाही.

निघताना मी विचारलं की या कागदाची एक प्रत मला मिळेल का.

"नक्कल मिळेल," आठल्ये फाइलची नाडी बांधत म्हणाले. "अस्सल संघाकडे राहील."